खत विकणारा माणूस आणि बिनखताचा पट्टा



पेरणी तोंडावर आली की घरोघरी एकच हिशेब सुरू होतो. बियाणे किती, खत किती आणि पैसा कुठून आणायचा? दुकानातून सिंगल सुपर फॉस्फेटची गोणी आणायची आणि पेरणीबरोबर द्यायची, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. ही गोणी जगात पहिल्यांदा बाजारात आणणाऱ्यांपैकी प्रमुख माणूस होता इंग्लंडचा सर जॉन बेनेट लॉझ. तो कारखानदार होता, खताच्या धंद्यात त्याने मोठा पैसा मिळवला. पण त्याची ओळख आपण करून घ्यायची ती वेगळ्या कारणासाठी. आपले खत खरोखर किती काम करते, हे तपासायला या माणसाने स्वतःच्या शेतात बिनखताचा एक पट्टा राखून ठेवला आणि जे दिसले ते छापून सगळ्यांना सांगितले.

हाडांचे कोडे

लॉझचा जन्म २८ डिसेंबर १८१४ रोजी लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायर परगण्यात झाला. हार्पेन्डेन गावाजवळची रॉथमस्टेड ही त्यांची वडिलोपार्जित जमीनदारी. आठ वर्षांचा असताना वडील वारले. पुढे मुलगा ऑक्सफर्डला शिकायला गेला, पण पदवी न घेताच परतला आणि विशीतच घरची शेती बघू लागला. पुस्तकी अभ्यासापेक्षा रसायनांची आवड जास्त. घरातल्या एका चांगल्या खोलीची त्याने प्रयोगशाळा करून टाकली होती.

त्या काळी तिकडे हाडांचा चुरा खत म्हणून वापरत. शेजारच्या एका जमीनदाराने लॉझला विचारले, "हाच चुरा काही शेतांत सोन्यासारखे पीक देतो आणि काही शेतांत काहीच करत नाही, असे का?" प्रश्न साधा होता, पण उत्तर कुणापाशी नव्हते. लॉझने कुंड्यांत झाडे लावून निरनिराळे मिश्रण देऊन पाहिले. हाडांतला स्फुरद पाण्यात विरघळत नाही. आम्लधर्मी जमिनीत तो हळूहळू सुटतो, चुनखडीच्या किंवा अल्कधर्मी जमिनीत तसाच पडून राहतो. मग त्याने हाडांवर गंधकाचे आम्ल ओतले. स्फुरद विरघळणारा झाला आणि सलगमच्या पिकाला त्याचा गुण लगेच दिसला. हाडांऐवजी स्फुरदयुक्त खडक घेतला तरी तेच घडले.

आपल्या काळ्या जमिनीत चुना भरपूर असतो. म्हणून दिलेला स्फुरद आपल्याकडेही बांधला जातो. सुपर फॉस्फेट पसरून न टाकता बियाण्याच्या खाली, ओळीत पेरून द्या आणि जमल्यास कुजलेल्या शेणखतात मिसळून द्या, असे आम्ही सांगतो त्याचे कारण हेच आहे.

२३ मे १८४२ रोजी लॉझने या पद्धतीचे पेटंट घेतले. डब्लिनच्या जेम्स मरे या डॉक्टरचेही जवळपास अशाच खताचे पेटंट त्याच दिवशी नोंदले गेले होते. ते हक्क लॉझने १८४६ मध्ये विकत घेतले. दरम्यान टेम्स नदीकाठी डेप्टफर्ड येथे कारखाना उभा राहिला आणि १ जुलै १८४३ रोजी त्याने खताची जाहिरात दिली. खानदानी जमीनदाराने खताचा धंदा करावा, हे त्याच्या लोकांना कमीपणाचे वाटले. लग्नानंतर बायकोला फिरायला नेतो म्हणून त्याने नावेत बसवले आणि नदीकाठी कारखान्याला जागा बघत हिंडला, असे सांगतात! पुढे १८५७ मध्ये बार्किंग येथे याहून मोठा कारखाना निघाला.

स्वतःच्या मालाची परीक्षा

त्याच १८४३ साली लॉझने जोसेफ हेन्री गिल्बर्ट या तरुण रसायनतज्ज्ञाला नोकरीवर घेतले. गिल्बर्टला लहानपणी बंदुकीच्या अपघातात एका डोळ्याला इजा झाली होती. लॉझ कल्पना काढणारा, गिल्बर्ट दाणा न् दाणा मोजणारा. ही जोडी ५७ वर्षे टिकली.

ब्रॉडबॉक नावाच्या शेतात त्यांनी १८४३ च्या शरद ऋतूत गहू पेरला. शेताचे लांब पट्टे पाडले. एका पट्ट्याला दरवर्षी एकरी १४ टन शेणखत, दुसऱ्यांना वेगवेगळी रासायनिक खते आणि एका पट्ट्याला काहीच नाही. दरवर्षी तोच गहू, तोच पट्टा, तेच खत. धान्य आणि काड दोन्ही वजन करून नोंदवायचे.

आता बघा गंमत. लॉझचा कारखाना स्फुरदाचा. आपल्या मालाचे गुण दिसले तर त्याचाच फायदा. पण ब्रॉडबॉकच्या गव्हाने सांगितले की नुसत्या स्फुरद आणि इतर खनिज खतांनी उत्पादन थोडेच वाढते, गव्हाला खरी भूक नत्राची आहे. नत्र दिले, मग जोडीला स्फुरद-पालाश दिले, तर उत्पादन शेणखताच्या बरोबरीला येते. लॉझने हे दडवले नाही. १८४७ मध्ये रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीच्या नियतकालिकात ते छापून आणले.

त्या वेळी जर्मनीचा लीबिख हा शेती रसायनशास्त्रातला सर्वांत मोठा माणूस. गिल्बर्ट त्याच्याकडेच शिकलेला. पिकाला हवेतून आणि पावसातून पुरेसे नत्र मिळते, आपण फक्त खनिजे भरून द्यायची, असे लीबिखचे मत. या दोघांनी पट्ट्यांचे आकडे पुढे केले आणि वाद अनेक वर्षे चालला. गव्हाच्या बाबतीत शेताने लॉझच्या बाजूने कौल दिला.

मात्र एका ठिकाणी हे दोघेही चुकले. पिके हवेतले नत्र घेतात का, हे पाहण्यासाठी १८५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी भाजून निर्जंतुक केलेल्या मातीत झाडे वाढवली आणि घेत नाहीत, असा निष्कर्ष काढला. भाजण्यात मातीतले जिवाणूच मेले होते. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठीतले जिवाणू हवेतले नत्र बांधतात, हे १८८६ मध्ये जर्मनीच्या हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी दाखवले. मग लॉझ-गिल्बर्टनी म्हातारपणी नव्याने प्रयोग केले आणि ते खरे असल्याचे जाहीर केले. तूर, हरभरा, सोयाबीनच्या बियाण्याला आपण रायझोबियम चोळतो, त्याचे मूळ या शोधात आहे.

गावासाठी काय केले?

हार्पेन्डेनच्या शेतमजुरांची स्थिती बेताचीच होती. लॉझने १८५२ मध्ये त्यांना भाजीपाला पिकवण्यासाठी काही गुंठ्यांचे तुकडे भाड्याने द्यायला सुरुवात केली. तिकडे जेवणाबरोबर बिअर घेण्याची रीत. मजूर गुत्त्यावर जायचा, भेसळीची बिअर प्यायचा आणि उधारी वाढवून घरी यायचा. लॉझने १८५७ मध्ये तुकडे कसणाऱ्यांसाठी एक क्लबघर बांधून दिले. बिअर थेट उत्पादकाकडून घाऊक भावाने यायची आणि क्लबचा कारभार सभासद मजूरच बघायचे. प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स हे बघायला आला आणि त्याने १८५९ मध्ये आपल्या साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. सोसायटीच्या चेअरमन-सचिवांनी इकडे लक्ष द्यावे. मालकाने जागा आणि इमारत दिली, हिशेब मात्र मजुरांच्या हाती ठेवला.

शेतकऱ्यांनीही त्याची जाण ठेवली. इंग्लंडभरातून वर्गणी जमवून त्याला मानाची भेट द्यायचे ठरले. तेव्हा चांदीची भांडी नकोत, प्रयोगशाळा बांधून द्या, असे लॉझ म्हणाला. तोवर प्रयोगशाळेचे काम एका जुन्या कोठारात चालत होते. वर्गणीतून उभी राहिलेली प्रयोगशाळा १८५५ मध्ये सुरू झाली.

१८७२ मध्ये लॉझने खताचा धंदा तीन लाख पौंडांना विकला. प्रयोगाचा खर्च तो आधीपासून स्वतःच्या खिशातून करत होता. १८८९ मध्ये त्याने एक लाख पौंड विश्वस्तांच्या हवाली केले, म्हणजे आपल्यामागे पट्टे बंद पडू नयेत. ३१ ऑगस्ट १९०० रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी तो वारला. गिल्बर्ट पुढच्याच वर्षी गेला.

आपला संबंध काय?

ब्रॉडबॉकच्या पट्ट्यांखाली १८४९ मध्ये मातीच्या नळ्या घालून पाण्याचा निचरा केला होता. त्या नळ्यांतून वाहणारे पाणी १८६० च्या दशकात ऑगस्टस व्होल्कर या रसायनतज्ज्ञाने तपासले, तेव्हा पावसाच्या पाण्याबरोबर नत्र वाहून जाते असे दिसले. युरिया एकदम न टाकता हप्त्याने द्या, असे आज आपण म्हणतो, त्यामागे हाच अनुभव आहे. याच व्होल्करचा मुलगा जॉन ऑगस्टस व्होल्कर १८८९ मध्ये सरकारच्या बोलावण्यावरून हिंदुस्थानात आला. देशभर फिरून १८९३ मध्ये त्याने अहवाल दिला. इथला शेतकरी अडाणी नाही, इंग्लंडच्या साधारण शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, असे त्याने लिहिले. सरपण मिळत नाही म्हणून शेण जाळले जाते आणि जमीन उपाशी राहते, हेही त्याने ठासून मांडले. गोवऱ्यांचा हा प्रश्न कित्येक गावांत अजून सुटलेला नाही.

रॉथमस्टेडला १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर हा गणिती आला. उत्पादनातला फरक खताचा की जमिनीच्या उंचसखलपणाचा, हे ओळखण्याची रीत त्याने बसवली. आपल्या कृषी विद्यापीठांत वर्षानुवर्षे शिकवले गेलेले पानसे आणि सुखात्मे यांचे १९५४ चे संख्याशास्त्राचे पुस्तक त्याच रीतीवर उभे आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेनेही १९७० मध्ये दीर्घ मुदतीचे खत प्रयोग हाती घेतले. त्यातला ज्वारी-गहू पीकपद्धतीचा प्रयोग अकोल्याच्या कृषी विद्यापीठात १९८८ च्या सुमारास सुरू झाला. देशभरच्या अशा प्रयोगांचे सार एकच निघते. नुसता युरिया दिलेल्या जमिनीचे उत्पादन वर्षागणिक घसरते. संतुलित खताला शेणखताची जोड दिली तर ते टिकते.

ब्रॉडबॉकचा कौलही तसाच आहे. शेणखताच्या पट्ट्यातला सेंद्रिय कर्ब बिनखताच्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक झाला. नव्या बुटक्या जाती आल्यावर सर्वांत भरघोस गहू आला तो शेणखताबरोबर नत्रखत दिलेल्या पट्ट्यांत. आता एकरी १४ टन शेणखत आपल्यापैकी कुणाच्या गोठ्यात आहे, हा प्रश्न तुम्ही विचाराल, आणि तो रास्त आहे. म्हणूनच जे आहे ते उकिरड्यावर उन्हात वाळू न देता खड्ड्यात नीट कुजवा. काडीकचरा जाळू नका.

तुमच्या बांधाच्या आतला प्रयोग

आज गोण्यांचे प्रकार वाढले आहेत. एक खत हवे असेल तर सोबत दुसरे काहीतरी घ्यावेच लागते, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. बाटलीतली औषधे, दाणेदार पिशव्या, प्रत्येकावर दुप्पट उत्पादनाची भाषा. यातले काही उपयोगी असेल, काही नसेल. ते ठरवायला विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नका. लॉझ स्वतः विक्रेता होता, तरी तो स्वतःच्या शब्दावर विसंबला नाही.

या हंगामात एवढेच करा. शेताच्या मध्यभागी, जिथे जमीन सारखी आहे तिथे, दोन-तीन गुंठ्यांचा पट्टा आखा. त्यात नवे खत किंवा औषध देऊ नका. बाकी बियाणे, पेरणीची तारीख, पाणी, कोळपणी सगळे सारखे ठेवा. बांधाकडेचा किंवा झाडाच्या सावलीतला पट्टा घेऊ नका. काढणीला त्या पट्ट्याचे आणि शेजारच्या तेवढ्याच तुकड्याचे धान्य वेगळे मळून वजन करा. डोळ्यांचा अंदाज नको, काटा लावा. जादा आलेल्या मालाची किंमत आणि खताचा खर्च वहीत समोरासमोर लिहा. एका वर्षाच्या पावसावर निकाल लावू नका, निदान तीन वर्षे बघा. जोडीला माती तपासून घ्या.

सरपंच, ग्रामसेवक आणि सोसायटीच्या मंडळींना विनंती अशी की, गावातल्या पाच-सहा शेतकऱ्यांनी जरी असे पट्टे ठेवले तरी त्यांच्या वह्या ग्रामसभेत वाचून दाखवा. त्यात तोटा निघाला तर तोही वाचा. पाच वर्षांत तुमच्या शिवाराचा स्वतःचा खत-हिशेब तयार होईल.

ब्रॉडबॉकचा बिनखताचा पट्टा अजून आहे. तिथे एक चिमूटही खत न घालता वर्षानुवर्षे गव्हावर गहू घेतला, तेव्हा हेक्टरी साधारण एक टन म्हणजे एकरी सुमारे चार क्विंटल उत्पादन येत राहिले. शेजारच्या पट्ट्यांचा मोठेपणा मोजायला तोच आधार आहे. शिवाय १८४३ पासूनचे धान्य, काड आणि पुढे मातीचेही नमुने तिथे बाटल्यांतून जपले असून त्यांची संख्या आता तीन लाखांच्या आसपास आहे. तुम्हाला बाटल्या लागणार नाहीत. काटा, वही आणि दोन-तीन गुंठे पुरे आहेत.