संगणकीय खेळातील स्वैर ग्रह : कल्पना आणि खगोलशास्त्रीय वस्तुस्थिती

प्रस्तावना :

अंतराळात वसाहत स्थापन करण्याच्या संगणकीय खेळांना पृथ्वी सोडण्यासाठी काही सबळ कारण लागते. १९९४ मधील ‘आउटपोस्ट’ या खेळात ते कारण पृथ्वीवर आदळणारा लघुग्रह हे होते. त्याहून मोठे संकट म्हणजे कोणत्याही ताऱ्याशी बांधलेला नसलेला, सूर्यमालेत अचानक शिरणारा स्वैर ग्रह. फिलिप वायली व एडविन बामर यांच्या १९३३ च्या ‘व्हेन वर्ल्ड्स कोलाइड’ या कादंबरीपासून ही कल्पना रूढ आहे. आपले विद्यार्थी ती पुस्तकातून नव्हे, तर पडद्यावरील खेळातून शिकतात. असा ग्रह खरोखर येईल का, हा त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. प्रस्तुत लेखात त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे.

स्वैर ग्रहाचे स्वरूप :

असे ग्रह अस्तित्वात आहेत, याविषयी आता शंका उरलेली नाही. ग्रहमाला तयार होत असताना परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने काही ग्रह बाहेर फेकले जातात. काही वायुमेघांतून स्वतंत्रपणेही जन्मतात. त्यांना प्रकाश देणारा तारा नसल्याने ते दिसणार कसे? शिरोली एमआयडीसीतील कोणत्याही फौंड्रीत याचे उत्तर मिळते. साच्यातून काढलेले कास्टिंग प्रथम लालभडक असते, थोड्या वेळाने काळे पडते. तरीही त्याला हात लावण्याचे धाडस कोणी कामगार करीत नाही. प्रकाश संपला, तरी उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडतच असते. तरुण स्वैर ग्रह याच पद्धतीने अवरक्त दुर्बिणींना सापडतात. २०१४ मध्ये जाहीर झालेला ‘वाइज ०८५५’ हा सुमारे ७.३ प्रकाशवर्षे दूर असलेला थंडगार गोल असाच सापडला. थंड होऊन गेलेले लहान ग्रह मात्र मागील ताऱ्याचा प्रकाश क्षणकाल वाढवतात, तेव्हाच त्यांचा सुगावा लागतो. त्यांची संख्या किती, याविषयी अनुमाने बदलत आली आहेत. २०११ मध्ये गुरूएवढे असंख्य स्वैर ग्रह असल्याचे मानले गेले, २०१७ मधील निरीक्षणांनी ती संख्या पुष्कळ खाली आणली. २०२३ च्या अभ्यासाने मात्र लहान स्वैर ग्रह ताऱ्यांहून कितीतरी अधिक असावेत, असे सुचविले.

संख्या मोठी असली, तरी अवकाश त्याहून कितीतरी मोठे आहे. सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने निघालेल्या ग्रहास एक प्रकाशवर्ष ओलांडण्यास १०,००० वर्षे लागतात.

खेळातील दोन उणिवा :

पहिली उणीव अचानकपणाची. गुरूएवढा ग्रह याच वेगाने आला, तर नेपच्यूनच्या कक्षेपासून पृथ्वीपर्यंत पोहोचण्यास त्याला सुमारे साडेचार वर्षे लागतील, आणि त्या अंतरावर सूर्यप्रकाशात तो साध्या द्विनेत्रीतूनही दिसेल. २१ डिसेंबर २०१२ रोजी ‘निबिरू’ नावाचा ग्रह आदळणार, ही अफवा एवढ्याच गणिताने खोटी ठरत होती. कित्येक वर्षे आधी हौशी निरीक्षकांना जे दिसले असते, ते कोणी दडवून ठेवू शकत नाही.

दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. खेळात धोका म्हणजे टक्कर. वास्तविक अंतराळातील लक्ष्य फार लहान असते. पृथ्वी-सूर्य अंतराएवढ्या टप्प्यातून गुरूसारखा ग्रह जाण्याच्या लाखो घटनांमागे प्रत्यक्ष धडकेची एखादीच घडेल. तथापि न धडकताही तो अनर्थ घडवू शकतो. पुरेसा जवळून गेल्यास पृथ्वीची कक्षा लांबट होईल, वर्षाची लांबी बदलेल, ऋतूंची घडी विस्कटेल. पडद्यावर यात स्फोट नाही, म्हणूनच बहुधा खेळ रचणाऱ्यांना त्याचे आकर्षण नसावे.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा :

२६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘डार्ट’ यानाने सुमारे १६० मीटर व्यासाच्या डायमॉर्फसला धडक देऊन त्याच्या प्रदक्षिणेचा काळ अर्ध्या तासाहून थोडा अधिक कमी केला. पृथ्वीचे वस्तुमान डायमॉर्फसच्या हजार लाख कोटी पटींहूनही अधिक आहे. ग्रहाला वाटेवरून ढकलणे आपल्या आवाक्यात नाही. त्यामुळे पृथ्वी सोडून जाण्याचा खेळातील निर्णय निदान तर्काला धरून आहे.

धूमकेतूची गोष्ट वेगळी. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘धूमकेतू’ या कथेत हौशी निरीक्षकाने शोधलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असे कळते आणि शास्त्रज्ञ अण्वस्त्राने त्याची दिशा बदलतात, असे दाखविले आहे. त्याच वेळी निरीक्षकाच्या घरी शांतियज्ञ होतो आणि घरच्यांच्या मते संकट यज्ञामुळेच टळते. फेब्रुवारी १९६२ मधील अष्टग्रहीच्या वेळी देशभर झालेले यज्ञ ज्यांनी पाहिले, त्यांना ही कथा अतिशयोक्तीची वाटणार नाही. त्यावेळी कोणताही ग्रह आपल्या कक्षेतून तसूभरही ढळला नव्हता.

या विषयाची वर्गातील चर्चा खेळापासूनच सुरू करणे मला अधिक सोयीचे वाटते. ‘युनिव्हर्स सँडबॉक्स’ सारख्या प्रणालीत विद्यार्थ्याने सूर्यमालेत स्वतः एक गुरू सोडावा, तो पृथ्वीपासून निरनिराळ्या अंतरांवरून न्यावा आणि प्रत्येक वेळी पृथ्वीचे वर्ष किती दिवसांचे झाले, याची वहीत नोंद करावी.