एक कळफलक, दोन माणसे

विरारहून सुटणारी लोकल दोघे मिळून चालवितात, हे गर्दीत उभे असताना आपल्या ध्यानात येत नाही. पुढच्या टोकाला मोटरमन असतो आणि मागच्या टोकाला गार्ड. २०२२ पासून रेल्वेने गार्डाला ‘ट्रेन मॅनेजर’ असे नाव दिले आहे, पण आमच्या वसई-विरारच्या तोंडी गार्ड हाच शब्द बसलेला! मागून घंटा आल्यावाचून पुढचा हात गाडी हलवीत नाही. संगणकाचा प्रोग्राम लिहिण्याचे कामही असेच दोघांच्या स्वाधीन करता येते, आणि नवशिक्या विद्यार्थ्याला ते विशेष मानवते, असे आम्हांस सांगावयाचे आहे.

या पद्धतीस ‘पेअर प्रोग्रॅमिंग’ म्हणतात. केन्ट बेक या अमेरिकन प्रोग्रामरने १९९९ साली लिहिलेल्या पुस्तकामुळे ती जगभर माहीत झाली. पडदा एक, कळफलक एक, माणसे दोन. एक जण आज्ञा टंकतो. त्याला चालक म्हणावे. दुसरा शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचतो, शंका काढतो, पुढे काय येणार याचा विचार करतो, तो वाटाड्या. लोकलचा दाखला मात्र इथेच सोडावा लागतो. मोटरमन आणि गार्ड आपापली कामे बदलून घेत नाहीत. इथे दर पंधरावीस मिनिटांनी कळफलक दुसऱ्याच्या हाती गेलाच पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, यात नवे ते काय? आमच्या प्रयोगशाळांतून एका संगणकापुढे दोघे-तिघे बसतच आले आहेत. खरे आहे, पण ते यंत्रांच्या टंचाईमुळे. हुशार मुलगा टंकीत असतो, शेजारचा खिडकीबाहेर पाहतो आणि तास संपताना सारे वहीत उतरवून घेतो. याला जोडी म्हणता येणार नाही. जोडीतल्या दुसऱ्या माणसाला काम असते, आणि ते पहिल्याच्या कामाहून हलके नसते.

एक साधे उदाहरण घेऊ. एका वाडीच्या सात दिवसांच्या नफ्यातोट्याचे आकडे दिले आहेत आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा शोधावयाचा आहे. चालक मुलगी ‘मोठा’ नावाच्या खणात आरंभी शून्य ठेवते. मग एकेक आकडा घ्यावयाचा आणि तो खणातल्या आकड्याहून मोठा निघाला तर खणात टाकावयाचा. प्रोग्राम चालतो, उत्तर बरोबर येते. शेजारची विचारते, “अगं, सातही दिवस तोट्याचे असले तर?” तोट्याचे आकडे सारे शून्याहून लहान! तेव्हा एकही आकडा खणात जाणार नाही, आणि संगणक ‘शून्य’ असे उत्तर बिनदिक्कत देईल. सात दिवसांत असा दिवस उगवलाच नव्हता. यंत्र कुरकुर करीत नाही, म्हणून ही चूक एकट्याला सहसा दिसत नाही. आरंभी शून्याऐवजी पहिल्याच दिवसाचा आकडा ठेवावा, हा उपाय मग त्या दोघींनाच सुचतो. गुरुजींनी फळ्यावर सांगितला असता तर तो त्यांच्या कितपत लक्षात राहिला असता, कोण जाणे.

दोन माणसे एकाच कामाला लावणे म्हणजे वेळ दुप्पट, हा हिशेब सोपा वाटतो. पण तो खरा नाही. अमेरिकेतील युटा विद्यापीठात लॉरी विल्यम्स यांनी १९९९ साली ४१ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. १३ जण एकेकटे व २८ जण जोडीने बसविले. पद्धत अंगवळणी पडल्यावर जोडीतील दोघांचा मिळून वेळ सुमारे १५ टक्केच अधिक लागला, आणि चुका कमी निघाल्या. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे पहिल्या पायरीच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. जोडीने शिकणाऱ्यांपैकी दर शंभरी सुमारे ९१ जण अखेरपर्यंत टिकले, एकेकटे शिकणाऱ्यांपैकी सुमारे ८०. ही गळती थांबणे आम्हांस चुका कमी होण्याहून मोलाचे वाटते.

कारण आमच्याकडे ही गळती पुष्कळदा मुकी असते. या तालुक्यात कुणाच्या घरी वाडवळी बोलतात, कुणाच्या सामवेदी, कुणाच्या हिंदी वा गुजराती. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा महाविद्यालयात येतो आणि इंग्रजी व्याख्यानापुढे गप्प होतो. त्याला विचार करता येत नाही असे नाही; तो विचार मोठ्याने मांडावयास त्याला कोणी भेटत नाही. वस्तुतः प्रोग्रामात इंग्रजी शब्द असतात ते मोजके, ‘इफ’, ‘एल्स’, ‘व्हाइल’ असे. त्यांच्यामागचे तर्कशास्त्र कोणत्याही भाषेत बोलता येते. शेजारी बरोबरीचा सोबती बसला की “हे असं का रे?” हा प्रश्न आपसूक घरच्या बोलीत निघतो. प्रयोगशाळेत मग गलका होतो. तो शिक्षकांनी सोसावा. आता तर सांगितल्याबरोबर संगणकच प्रोग्राम लिहून देऊ लागला आहे. तेव्हा ‘का’ विचारणारा शेजारी अधिकच हवा.

अडचणी आहेतच. फार हुशार आणि फार कच्चा अशी जोडी लावली की एक जण मालक होतो, दुसरा प्रेक्षक. म्हणून साधारण एका तयारीचे दोघे एकत्र बसवावेत आणि काही आठवड्यांनी जोड्या मोडून नव्या कराव्यात. शिक्षकाने खुर्चीवर न बसता फिरत राहावे आणि कळफलक कोणाकडे किती वेळ आहे हे पाहावे.

राहता राहिली परीक्षा. ती एकेकट्याची असते, आणि जोडीच्या आड कोणी लपेल ही पालकांची धास्ती अगदीच निराधार नाही. त्यासाठी तोंडी परीक्षेत प्रत्येकाला त्याच्या जोडीदाराने टंकलेल्या ओळींवरच प्रश्न विचारावेत. ज्याला त्या उलगडून सांगता येत नाहीत, त्याला जोडीचे गुण देऊ नयेत. आणि पुढच्या तासाला कळफलक प्रथम त्याच्याच हाती द्यावा.