फाइलीचं शेपूट आणि शेगावचं टपाल

परवा वर्ध्यात भाचीनं शाळेच्या प्रकल्पासाठी नोटपॅडमध्ये सेवाग्राममधल्या गांधीजींच्या बापूकुटीवर वेबपेज लिहिलं. क्रोममध्ये उघडलं तर मथळा नाही, फोटो नाही, नुसते टॅगच टॅग! "मामा, माझा कोड चुकला का?"

कोड ठणठणीत होता. नोटपॅडनं एचटीएमएलच्या मागे गुपचूप 'डॉट टीएक्सटी' चिकटवलं होतं, आणि विंडोज ओळखीची एक्सटेन्शन, म्हणजे फाइलीच्या नावामागची शेपटं, लपवूनच ठेवतं. (ही सवय मला कधीच पटली नाही.) व्ह्यू मेनूत जाऊन एक्सटेन्शन दिसू दिलं, शेपूट कापलं, बापूकुटी उघडली.

गंमत अशी, की हेच पान सर्व्हरवरून आलं असतं तर सोबत 'कंटेंट-टाइप' नावाची चिठ्ठी असती. ब्राउझर आधी ती वाचतो. १९९२ची ही पद्धत मूळची ईमेलसाठी बरं का! आपल्या डिस्कवरच्या फाइलीला चिठ्ठी कोण देणार? मग ब्राउझर एक्सटेन्शन बघतो. तेही नसेल तर सुरुवातीचे बाइट हुंगतो: टक्क्याचं चिन्ह आणि पुढे इंग्रजीत पीडीएफ दिसलं, की पीडीएफ.

टपालाचंही असंच. आपल्या सेवाग्रामचं नाव आधी शेगाव. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले आणि त्यांचं टपाल बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागलं. १९४० मध्ये नाव बदललं. पोस्टमन पाकीट फोडून बघत नाही, पत्ता वाचतो.

फाइलीचा पत्ता म्हणजे तिचं शेपूट. आता भाचीची तीच फाइल 'डॉट एक्सएचटीएमएल' करून बघा. एक टॅग बंद करायचा राहिला असला, तरी ब्राउझर लगेच एरर दाखवतो.