देहाचे विणकाम

पैठणला हातमागावर पैठणी विणली जाताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. अस्सल पैठणीचा पदर उलटा करून पाहावा, मोर तितकाच रेखीव दिसतो. मागे सुटे धागे लोंबत नाहीत. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूची तऱ्हा निराळी. तिथे सुताच्या जोडीला रेशीम येते आणि शालीला ऊब व झळाळी दोन्ही मिळतात. पांघरायची शाल वेगळी, चहा गाळायचे फडके वेगळे, धान्याच्या पोत्याचे तरट वेगळे. धागा बदलला, वीण बदलली की कापडाचे काम बदलते.

आता वाचक म्हणतील, रविवारी सकाळी ही कापडाची चर्चा कशाला? तर लिहायचे आहे ते आपल्या शरीराविषयी. या शहरातल्या शाळेत मी तीस वर्षे विज्ञान शिकवले. ‘ऊती’ हा धडा आला की मुलांचे चेहरे उतरत. शब्दच कोरडा वाटे. मग मी आधी शब्दाची फोड करून सांगत असे. संस्कृतमध्ये ‘वे’ या धातूचा अर्थ विणणे. त्यापासून ‘ऊत’ म्हणजे विणलेले. आपण सहज वापरतो तो ‘ओतप्रोत’ हा शब्दही त्याच घराण्यातला. इंग्रजीतला ‘टिश्यू’ हा शब्दसुद्धा विणलेल्या कापडासाठीच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आलेला आहे आणि या शास्त्राच्या ‘हिस्टॉलॉजी’ या नावातला ग्रीक ‘हिस्टोस’ म्हणजे चक्क माग! एकमेकांपासून इतक्या दूरच्या माणसांना देहाकडे पाहून विणकामच आठवावे, हे नवल नव्हे काय?

सारख्या रचनेच्या पेशी एकत्र येऊन एक विशिष्ट काम करू लागल्या की त्या समूहाला ऊती म्हणायचे. शरीराचा असा विचार पद्धतशीरपणे मांडला तो फ्रान्सच्या झेव्हिए बिशा या तरुण डॉक्टरने. सूक्ष्मदर्शकावर त्याचा भरवसा नव्हता. मृतदेहांचे भाग त्याने भिजवून, उकळून, वाळवून, आम्लात बुडवून पाहिले आणि १८०१ साली २१ प्रकारच्या ऊती सांगितल्या. पुढच्याच वर्षी, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो वारला. आज आपण मुख्य प्रकार चारच मानतो.

पहिली अभिस्तर ऊती. ही देहाची पांघरूण घालणारी वीण. त्वचेचा वरचा थर, तोंडाचे आणि आतड्याचे अस्तर, ग्रंथी ही सारी तिची रूपे. बाहेरचे बाहेर ठेवायचे, हवे तेवढेच आत घ्यायचे, पाझरायचे ते पाझरवायचे, ही तिची कामे. तिच्यात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. खालच्या थरातून जे झिरपेल त्यावर ती जगते. म्हणून तर अगदी वरवर खरचटले तर रक्त येत नाही. ती झिजते फार, पण नवीही तितक्याच वेगाने होते. आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत आणि त्वचेचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो.

दुसरी संयोजी ऊती, म्हणजे जोडणारी आणि आधार देणारी. हिच्यात पेशी कमी आणि पेशींमधला मालमसाला जास्त. हाड, कूर्चा, स्नायूला हाडाशी बांधणारे दोर, चरबी हे सारे हिचेच कुटुंब आणि रक्तसुद्धा! रक्त तर पातळ, त्यात वीण कुठली, असे मुले विचारत. एरवी ती दिसत नाही. बोट कापले की मात्र फायब्रिनचे बारीक धागे तयार होतात, त्यांचे जाळे बनते आणि जखमेचे तोंड बंद होते. या कुटुंबातही सगळ्यांचे नशीब सारखे नाही. हाडाला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून प्लास्टरमध्ये सहा-आठ आठवडे ठेवले की मोडलेला हात बहुधा सांधतो. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्याच नाहीत. ती एकदा झिजली की सहसा भरून येत नाही आणि आजीला जिना चढताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो.

तिसरी स्नायू ऊती. आकुंचन पावणे हा तिचा धर्म. हातापायांचे स्नायू आपले ऐकतात. आतड्याचे आणि रक्तवाहिन्यांचे आपल्याला न विचारता चालतात. हृदयाचा स्नायू तिसऱ्याच जातीचा. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला तो एक लाखावर ठोके देतो आणि आयुष्यात एकदाही सुटी मागत नाही. पण झटक्यात त्याचा जो भाग मरतो तिथे नवा स्नायू जवळजवळ येत नाही. तिथे संयोजी ऊतीचे ठिगळ लागते. ठिगळ भोक बुजवते, ठोका देत नाही.

चौथी चेता ऊती. निरोप नेणे-आणणे हे तिचे काम. कमरेतून निघून पायाच्या टोकापर्यंत जाणारा एकेक तंतू मीटरभर लांब असू शकतो. मेंदूत अशा सुमारे ८६०० कोटी पेशी आहेत. हातापायाची तुटलेली नस जोडली तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मेंदूतली आणि मज्जारज्जूतली हानी मात्र फारशी भरून येत नाही. दुचाकीवर हेल्मेट घाला, असे मी मुलांना परत परत सांगत असे, ते एवढ्यासाठीच.

या चारही ऊती कधी एकट्या नांदत नाहीत. आपल्या शहरच्या प्रसिद्ध नान-खलियाचा घास जठरात गेला की अस्तर आम्ल सोडते, स्नायू घुसळतात, संयोजी थरातल्या वाहिन्या रक्त पुरवतात आणि चेतातंतू हे सारे वेळेवर घडवून आणतात. असे हे विणकाम. पण वस्त्र म्हटले की फाटणे आले. काही फाटले तर आपोआप सांधते, काही सांधत नाही. मग रफू करायचे कोणी आणि कशाने?

याचे एक थक्क करणारे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात मिळते. त्यासाठी पुण्याला, पेशवाईच्या उत्तरकाळात जायला हवे. कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायला होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मेणाच्या पातळ पत्र्याचा नाकाएवढा साचा केला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्या मापाची कातडी सोडवली आणि खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. चिकटवायला काय, तर आपला विड्यात घालायचा कात! मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे काम स्वतः पाहिले होते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली आणि ती वाचून पुढे १८१४ साली तिथल्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने तसेच नाक करून दाखवले.

यातली खरी हुशारी पाहा. कपाळाची कातडी सोडवताना दोन भुवयांमधला एक अरुंद पट्टा त्या कारागिराने जोडलेलाच ठेवला. सुमारे २५ दिवसांनी नवी जागा धरल्यावर तो कापला. तोवर रक्त त्या पट्ट्यातून जात राहिले. पांघरूण जगते ते खालून मिळणाऱ्या रक्तावर, हे पुस्तकात न वाचताही त्याला पिढीजात ठाऊक होते.

कावसजीच्या कपाळावर कातडी होती म्हणून निभावले. नसती तर? आमच्या आत्याच्या वेळी हा प्रश्न घरात येऊन उभा राहिला होता. दिवाळीच्या चकल्या तळताना स्टोव्ह भडकला आणि तिचे दोन्ही हात, गळा, छाती भाजली. डॉक्टरांनी मांडीची पातळ कातडी काढून हातांवर बसवली. हात वाचले. बाकीच्या जखमांना पुरेशी कातडी हाती नव्हती. माझे काका म्हणाले, ‘माझी घ्या की, पाठ मोकळी आहे.’ डॉक्टरांनी समजावले, दुसऱ्याची कातडी कायमची टिकत नाही. पण मला नंतर कळले ते हे, की ती काही आठवडे तरी टिकते. तेवढ्या दिवसांत पाण्याचे झिरपणे थांबते, जंतूंना अटकाव होतो, वेदना कमी होतात आणि रुग्णाची स्वतःची कातडी पुन्हा तयार व्हायला उसंत मिळते.

आज यासाठी त्वचापेढ्या आहेत. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठीवरून कागदासारखा पातळ थर घेतात. रक्तस्राव होत नाही, देह विद्रूप होत नाही, रक्तगट जुळवावा लागत नाही. डोळ्याच्या पारपटलाचेही तसेच. त्यात रक्तवाहिन्या नसतात म्हणूनच ते पारदर्शक असते आणि म्हणूनच दुसऱ्याच्या डोळ्यात पुष्कळदा रुजते. पहिले यशस्वी पारपटलरोपण १९०५ साली एडुआर्ट झिर्म या डॉक्टरने केले. चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली किंवा मधुमेह असला, तरी नेत्रदान करता येते. आपल्या देशात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला. २०११ च्या दुरुस्तीने त्याच्या नावातच अवयवांच्या जोडीला ऊतींचा समावेश झाला. वर्गात मुलांना कोरडा वाटणारा शब्द असा थेट कायद्यात जाऊन बसला!

‘डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळेपण येते’ असे म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. देह हे जीर्ण झाल्यावर टाकायचे वस्त्र आहे, असे गीता सांगते, एवढेच म्हणतो. टाकायच्याच वस्त्रातला एक तुकडा कुणाच्या रफूला उपयोगी पडला, तर बिघडले कुठे? संस्कृत कोशात ‘ऊति’ या शब्दाला विणण्याखेरीज आणखी एक अर्थ दिला आहे. तो आहे रक्षण, साहाय्य.

मात्र सहा तास फार थोडे असतात. घरात रडारड चाललेली असताना हा विषय काढायचे धैर्य कोणालाच होत नाही. तो काढायचा तर सगळे धडधाकट असताना, चहाचे कप हातात असताना. जवळच्या नेत्रपेढीचा फोन नंबर दुधवाल्याच्या नंबराशेजारी लिहून ठेवावा आणि आपली इच्छा मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावी. ऐन वेळी फोन करायचा असतो तो त्यांनाच.