सुट्टीतलं अवांतर वाचन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एप्रिलच्या शेवटी पाचवी ते आठवीच्या वर्गांत सुट्टीचा अभ्यास दिला जातो, तेव्हा त्यात एक कलम बहुतेक शाळांमध्ये असतंच: चार-पाच पुस्तकं वाचा आणि प्रत्येकाचा सारांश वहीत लिहा. हेतू चांगला असतो. पण या कलमामागे ज्या समजुती आहेत त्यातल्या काही अर्धवट खऱ्या आहेत, काही साफ चुकीच्या आहेत. त्यांचा फटका नेमका अशा मुलांना बसतो, ज्यांना वाचनाची गरज सगळ्यात जास्त असते.

उन्हाळ्यातल्या वाचनाचं मोजमाप मुख्यतः अमेरिकेत झालेलं आहे. तिथली सुट्टी दहा-अकरा आठवड्यांची असते आणि सुट्टीसाठी पुस्तकांची यादी देण्याची पद्धत जुनी आहे. आपली सुट्टी त्याहून बरीच लहान, विदर्भात उन्हामुळे थोडी लांबते इतकंच. त्यामुळे तिथले आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण पालक आणि शिक्षक जे प्रश्न विचारतात ते दोन्हीकडे तेच आहेत.

‘सुट्टीत मुलं सगळं विसरून जातात’

या समजुतीचा उगम बहुतेक वेळा १९९६च्या एका अभ्यासात दाखवला जातो. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोपर्यंतचे ३९ अभ्यास तपासले आणि सुट्टीनंतर मुलं सरासरी एका महिन्याच्या शिक्षणाइतकी मागे जातात, असं सांगितलं. मात्र त्याच अभ्यासात पुढे जे होतं ते फारसं कुणी सांगत नाही. घसरण आकडेमोड आणि स्पेलिंगमध्ये जास्त होती. वाचनाचं चित्र घराप्रमाणे बदलत होतं: मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांचं वाचन टिकून होतं, किंचित वाढलंही होतं, गरीब घरांतल्या मुलांचं मागे गेलं होतं.

पुढे पॉल फॉन हिप्पेल यांनी जुन्या चाचण्याच पुन्हा तपासल्या. सुट्टीआधीची आणि सुट्टीनंतरची चाचणी सारखी नसल्यामुळे काही जुन्या अभ्यासांत घसरण फुगून दिसत होती, असं त्यांना आढळलं. नव्या माहितीत तर मुलांमधली दरी मोठ्या प्रमाणात शाळा सुरू होण्याआधीच तयार झालेली दिसली. तेव्हा ‘वाचलं नाही तर विसरशील’ ही धमकी वस्तुस्थितीला धरून नाही, निदान सगळ्यांसाठी तरी नाही.

मग सुट्टीत वाचायचं कशासाठी? सहावी-सातवीत इतिहास, भूगोल, विज्ञानाची पुस्तकं एकदम जड होतात. वाक्यं लांबतात, रोजच्या बोलण्यात कधीच न येणारे शब्द पानापानावर भेटतात. असे शब्द पाठ करून येत नाहीत. वेगवेगळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा गाठ पडली की ते अंगवळणी पडतात, आणि ती गाठ पडायला भरपूर मजकूर डोळ्यांखालून जावा लागतो. वर्षभर तासिका, शिकवणी आणि चाचण्या यांत तेवढा वेळ मिळत नाही. मे महिन्याच्या दुपारी मिळतो. मला हे कारण पुरेसं वाटतं, भीती घालायची गरज नाही.

‘पुस्तक हातात दिलं की काम झालं’

या बाबतीत दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहावेत. पहिला फ्लोरिडातला. रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रान्झेन यांनी १७ गरीब वस्तीतल्या शाळांमधल्या लहान मुलांना सुट्टीआधी पुस्तकं मांडून दाखवली आणि हवी ती निवडायला सांगितली. प्रत्येकी १२ पुस्तकं, सलग तीन उन्हाळे. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, पुस्तकं मिळालेली मुलं न मिळालेल्यांपेक्षा वाचनात स्पष्ट पुढे होती, आणि सर्वांत गरीब मुलांना फायदा अधिक झाला होता.

दुसरा प्रयोग जेम्स किम आणि थॉमस व्हाइट यांचा, २००८चा, तिसरी ते पाचवीच्या मुलांवरचा. त्यांनीही मुलांच्या आवडी विचारून, पातळी पाहून पुस्तकं दिली होती. पण ज्या गटाला नुसती पुस्तकं मिळाली, त्याच्यात आणि काहीच न मिळालेल्या गटात फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो अशा गटात, जिथे सुट्टी लागण्याआधी शिक्षकांनी वाचायचं कसं ते करून दाखवलं होतं: पुढे काय होईल याचा अंदाज बांधायचा, अडलं तर मागे जायचं, स्वतःला प्रश्न विचारायचा, आणि घरी कुणाला तरी एखादा उतारा मोठ्याने वाचून दाखवायचा.

दोन्ही प्रयोग मिळून मला एवढं दिसतं की एका उन्हाळ्यात पुस्तकांचा गठ्ठा देण्यावर विसंबता येत नाही. निवड मुलाची असावी, हे वर्षानुवर्षं घडावं आणि ऐकणारं कुणी तरी असावं. ऐकणाऱ्याला स्वतःला वाचता आलंच पाहिजे असंही नाही. आजीला अक्षरओळख नसली तरी ‘मग त्या पोराचं पुढे काय झालं?’ हे ती विचारू शकते, आणि तेवढ्यासाठी मूल पुढचं पान नीट वाचतं. पालकसभेत हे सांगायला हवं. आपल्याला शिकवता येत नाही म्हणून मुलाच्या वाचनापासून लांब राहणारे पालक खूप आहेत, आणि त्यांना त्यांच्या ऐकण्याची किंमत कुणी सांगितलेली नसते.

‘सारांश लिहून घेतला नाही, तर वाचलं हे कळणार कसं?’

शिक्षकांची अडचण खरी आहे. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात कुणी काय वाचलं ते तपासायचं तर कागद हवा. पण सारांशाच्या वहीतून वाचन तपासलं जात नाही. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवला जातो, ताईच्या जुन्या वहीतून नक्कल होते, आता तर मोबाइलला विचारलं की दहा ओळी आयत्या मिळतात. न वाचणाऱ्याला ही वही सोपी जाते आणि मनापासून वाचणाऱ्याला त्रासाची होते, कारण पुस्तक संपलं की त्याला लगेच दुसरं उघडायचं असतं.

सारा पाक आणि ॲलिसन वेसली यांनी २०१२मध्ये दुसरी-तिसरीच्या मुलांवर हेच पाहिलं. काहींना वाचनाची नोंद ठेवणं सक्तीचं केलं, काहींना ऐच्छिक ठेवलं. दोन महिन्यांनंतर सक्तीच्या गटाची वाचनातली गोडी कमी झाली होती, ऐच्छिक गटाची वाढली होती. मुलं वयाने लहान होती हे खरं. पण बारा-तेरा वर्षांचं मूल सक्तीला अधिक आनंदाने सामोरं जाईल असं मानायला काही आधार दिसत नाही.

बक्षिसांचंही असंच. बार्बरा मरिनाक आणि लिंडा गँब्रेल यांच्या २००८च्या अभ्यासात वाचनासाठी किरकोळ वस्तू बक्षीस दिल्या तेव्हा मुलांची ओढ घटली, पुस्तकच बक्षीस दिलं तेव्हा ती घटली नाही. ‘सर्वाधिक पुस्तकं वाचणारा विद्यार्थी’ असा फलक लावण्यापेक्षा त्याच पैशांत चार पुस्तकं आणावीत.

वहीऐवजी शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात रोज एक तासिका बोलण्यासाठी ठेवता येते. पाच-पाच मुलांचे गट, प्रत्येकाने आपल्या पुस्तकातला एक प्रसंग सांगायचा आणि ते कुणाला वाचायला द्यावंसं वाटतं ते सांगायचं. अर्ध्यात सोडलेलं पुस्तक असेल तर का सोडलं, हेही सांगायचं. न वाचलेलं लपत नाही, आणि एकाचं ऐकून दुसरा ते पुस्तक मागतो.

‘पाचवीत आलं म्हणजे वाचता येतंच’

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो हा गैरसमज. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचे कार्यकर्ते ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा एक छोटा परिच्छेद वाचायला देतात. २०२४मध्ये पाचवीतल्या ४८.८ टक्के मुलांनाच तो वाचता आला. आठवीत हे प्रमाण ७१.१ टक्के होतं. म्हणजे देशातल्या ग्रामीण भागात आठवीच्या दहा मुलांपैकी जवळपास तिघांना दुसरीचा मजकूर जड जातो. करोनानंतरच्या २०२२च्या पाहणीत पाचवीचा आकडा ४२.८वर गेला होता, तो सावरला आहे. तरी निम्मा वर्ग अजून मागेच आहे.

अशा मुलाच्या हातात सातवीची यादी देणं म्हणजे त्याची सुट्टीभर मानहानी करणं आहे. तो वाचत नाही म्हणून आळशी ठरतो. जोडाक्षरांपाशी तो अडखळतो आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरतो, हे कुणी पाहिलेलंच नसतं. त्याला मोठ्या टायपातली, दोन-चार ओळींच्या पानांची पुस्तकं द्यावी लागतील, आणि ती ‘लहान मुलांची’ म्हणून वर्गासमोर देऊ नयेत. धाकट्या बहिणीला वाचून दाखवायचं काम दिलं तर सोपं पुस्तक हातात घ्यायला सन्मानाचं कारण मिळतं. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि त्या विनामूल्य आहेत.

मोठ्यांनी वाचलेलं ऐकणं हेही या मुलांसाठी फसवणुकीचं काम नव्हे. ऐकून आणि वाचून होणाऱ्या आकलनाची तुलना करणारे ४६ अभ्यास व्हर्जिनिया क्लिंटन-लिसेल यांनी २०२२मध्ये एकत्र पाहिले, तेव्हा एकूण फरक फारसा निघाला नाही. अक्षरं वाचण्याचा सराव वेगळा करायचाच आहे. पण तोवर गोष्टींपासून, नव्या शब्दांपासून त्या मुलाला वंचित ठेवायचं कारण नाही.

‘चित्रकथा आणि रहस्यकथा म्हणजे वेळ फुकट’

डोनाल्ड हेज आणि मार्गारेट आरेन्स यांनी १९८८मध्ये इंग्रजी मजकुरातले दुर्मिळ शब्द मोजले. सुशिक्षित प्रौढांच्या गप्पांत हजारात सुमारे १७, मुलांच्या पुस्तकांत सुमारे ३१ आणि कॉमिक्समध्ये ५३. मराठीची अशी मोजणी इथे देता येणार नाही, पण भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे उघडून पाहावा; बोली आणि ग्रांथिक भाषा दोन्ही तिथे भरपूर मिळतात. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादातून मराठीत आहे. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ आहे. प्राण्यांची, शास्त्रज्ञांची, क्रिकेटपटूंची पुस्तकं मागणाऱ्या मुलाला तीच द्यावीत. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ आठवीतली मुलं आवडीने वाचतात. साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ यादीत जरूर असावं, पण यादी तिथेच संपू नये.

पडद्यावर वाचलेलं वाचनच नव्हे, हेही खरं नाही. २०१८मध्ये पाब्लो डेलगादो आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यास एकत्र पाहिले. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, नुसती गोष्ट असेल तर तो फरक दिसत नाही.

‘पुस्तकं आणायची कुठून?’

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं असं म्हटलं आहे, आणि त्यात गोष्टीच्या पुस्तकांचा स्पष्ट उल्लेख आहे. बऱ्याच शाळांत ती पुस्तकं आहेतही. पण सुट्टी लागली की कपाटाला कुलूप लागतं, कारण हरवलेल्या पुस्तकाचा जाब शिक्षकाला द्यावा लागतो. हे बदलायला नवा निधी लागत नाही. निकालाच्या दिवशी कपाट उघडावं, मुलांनी स्वतः निवडावं, प्रत्येकी तीन-चार पुस्तकं एका वहीत नोंदवून घरी जावीत. काही फाटतील, थोडी हरवतील. तेवढी झीज शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून आधीच मान्य करावी, म्हणजे शिक्षकाच्या डोक्यावरचा धाक जातो. गावात अनुदानित सार्वजनिक वाचनालय असेल तर त्याच्या बालविभागाशी मे महिन्यापुरती बोलणी करता येतात. आणि बालभारती १९७१पासून काढत असलेल्या ‘किशोर’चे जुने अंक आता ऑनलाइन विनामूल्य वाचता येतात, त्यातली दहा-बारा पानं छापून टाचली, तर ज्या घरी मोबाइल वडिलांबरोबर कामावर जातो त्या घरीही वाचायला काही तरी राहतं.