पडत्या वजनाचा स्टँड

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी फ्लायव्हीलचं प्रॅक्टिकल असतं. अक्षावर दोरी गुंडाळायची, तिला वजन लावायचं, सोडायचं, वेळ मोजायची आणि त्यावरून ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’, म्हणजे पुस्तकी मराठीतलं जडत्व आघूर्ण, काढायचं. मी ते काढलं नाही. आदल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलं. त्याची परतफेड पुष्कळ वर्षांनी करावी लागली. ड्रोनच्या नादाला लागलेल्या भाच्याने दोन्ही टोकांना प्रोपेलर लावायची एक पट्टी माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, “मामा, ही फिरवायला किती जड आहे?”

वजनकाटा या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही. पट्टी 60 सेंटिमीटर लांब आणि 200 ग्रॅम वजनाची. मधोमध धरून फिरवली तर तिचं जडत्व येतं 0.006 किलोग्रॅम-वर्गमीटर. दोन्ही टोकांना 50-50 ग्रॅमच्या मोटरी बसवल्या की त्यात 0.009 ची भर पडते. म्हणजे टोकावरचे 100 ग्रॅम हे सबंध पट्टीच्या दीडपट भारी! अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग होतो, त्याचा हा प्रताप.

कागदावर हे सोपं, कारण पट्टी सरळ आहे. प्रोपेलरचं पातं पिळलेलं, मुळाशी जाड, टोकाला पातळ. तिथे सूत्र हात टेकतं आणि मोजायलाच बसावं लागतं. म्हणून स्टँड.

त्याची रचना सांगतो. जाड प्लायवुडचा पाया, त्यावर चौकट, चौकटीत उभा दांडा. दांड्याला वर-खाली एकेक 608 नंबरचं बेअरिंग, स्केटच्या चाकात असतं तेच, 8 मिलिमीटर भोकाचं. नवं बेअरिंग जसंच्या तसं बसवू नका. आतलं घट्ट ग्रीस रॉकेलने धुऊन काढा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. फरक बोटालाच कळतो. दांड्यावर 6 सेंटिमीटर व्यासाचा ढोल, ढोलावर तंगूस, तो छोट्या कप्पीवरून खाली, आणि त्याला 50 ग्रॅमचं वजन. दांडा ओळंब्यात हवा. तो कलला आणि पट्टीचा तोल जरासा जरी एका बाजूला असला, तर ती दर फेरीत चढ-उतार करत फिरते आणि वेळेचा भरवसा राहत नाही.

अशा स्टँडवर वजन 30 सेंटिमीटर खाली यायला नुसत्या पट्टीला पावणेतीन-तीन सेकंद लागतात, मोटरींसकट साडेचार. निदान हिशेब तरी असं सांगतो. प्रत्यक्षात प्रत्येक भाग त्यात आपला कर लावतो. मी आधी एक मिलिमीटर जाडीची सुतळी वापरली होती. ओढ ढोलाच्या पृष्ठभागावरून नव्हे, सुतळीच्या मध्यातून लागते, हे ध्यानात आलं नाही; तेवढ्याने उत्तर सव्वातीन टक्क्यांनी चुकतं. स्टॉपवॉच दाबायला बोटाने 0.2 सेकंदाचा उशीर केला तर तीन सेकंदांत तो सात टक्के, आणि वेळेचा वर्ग होत असल्याने उत्तरात चौदा. त्यावर उपाय भाच्याने काढला: मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करायचं आणि फ्रेम मोजायच्या. घर्षणासाठी मात्र जुनीच युक्ती. हलका धक्का दिल्यावर पट्टी एकसारख्या वेगाने फिरत राहील एवढंच वजन शोधायचं आणि ते एकूण वजनातून वजा धरायचं. रिकाम्या स्टँडचं जडत्वही आधी मोजून ठेवायचं.

एवढं करूनही आकडा जास्तच येत होता. उरला होता तो वारा, म्हणजे पट्टीने स्वतःच कापलेली हवा. वजन वाढवून तिच्यावर मात करू, असं वाटलं, जमलं नाही. वजन दुप्पट केलं की ओढ दुप्पट होते, पण तितक्याच फेऱ्यांत वेगाचा वर्गही दुप्पट होतो, आणि हवेचा विरोध त्या वर्गाच्याच हिशेबाने वाढतो. प्रमाण जागच्या जागी! जड वजन घर्षणाला झाकतं, हवेला नाही. हवेपुढे इलाज एकच, फेऱ्या कमी. दीड फेरीच्या पुढे मोजायचंच नाही.

गंमत अशी, की हेच यंत्र बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने 1746 मध्ये नेमकं उलट कामासाठी वापरलं होतं. त्याला तोफगोळ्यांना होणारा हवेचा विरोध मोजायचा होता. तोही फिरता हात पडत्या वजनानेच फिरवी, पण हाताचा वेग स्थिरावेपर्यंत वाट पाही. वेग स्थिरावला की जडत्वाचा संबंध संपतो आणि वजन फक्त हवेशी आणि घर्षणाशी झुंजतं. मग टोकाची वस्तू काढून तो तेवढ्याच वजनाचं शिसं बसवी आणि पुन्हा तोच वेग मिळवायला किती वजन पुरतं ते पाही. दोन्हींतला फरक हा त्या वस्तूला होणारा विरोध. सन 1804 मध्ये विमानविद्येचे प्रणेते जॉर्ज केली यांनी यॉर्कशरमधल्या आपल्या घरात असाच हात उभारला. त्याचं वजन ते जिन्याच्या पोकळीतून खाली सोडत आणि पंखाला मिळणारी उचल मोजत. मी ज्या फेऱ्या टाकून देतो, त्या त्यांच्या कामाच्या. त्यांनी टाकल्या त्या माझ्या.

रॉबिन्सच्या तोफशास्त्रावरच्या पुस्तकाचं जर्मन भाषांतर, भरघोस टिपांसह, गणितज्ञ ऑयलरने 1745 मध्ये केलं. फिरत्या घन वस्तूंवरचा त्याचा मोठा ग्रंथ 1765 चा. जडत्व आघूर्णाला त्यात नाव आणि घडीव रूप मिळालं. रॉबिन्स तोवर हयात नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीचे किल्ले बळकट करायला तो हिंदुस्थानात आला आणि 1751 मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

तुम्हाला नुसता आकडा हवा असेल तर स्टँड बांधूच नका. एक-एक मीटरचे दोन तंगूस 20 सेंटिमीटर अंतरावर बांधून पट्टी आडवी टांगा, हलकेच पिळून सोडा आणि दहा झोके मोजा. आमच्या पट्टीचा एक झोका साडेतीन सेकंदांचा. बेअरिंग नाही, घर्षण जवळपास नाही, आणि हवा इतक्या मंद गतीला फारसं अडवत नाही. भाच्याने तेच केलं. स्टँड माझ्याकडे आहे.