पुरुषांमधील छुपे नैराश्य : ओळख आणि आधार

प्रस्तावना

नैराश्य म्हटले की रडणारी, गप्प बसलेली व्यक्ती डोळ्यांसमोर येते. पुष्कळ पुरुषांमध्ये ते असे दिसत नाही. त्यामुळे ते घरच्यांना, मित्रांना आणि कित्येकदा डॉक्टरांनाही कळत नाही. ते कसे ओळखावे आणि आधार कसा द्यावा, हे या घटकात पाहू.

उदाहरण (काल्पनिक)

सातारा जिल्ह्यातला एक तरुण बंगळूरच्या व्हाइटफील्डमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो आणि मित्रांसोबत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. दोन महिन्यांपासून तो रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपसमोर असतो, पण काम पुढे सरकत नाही. रविवारचे क्रिकेट सुटले आहे. पाठदुखीसाठी दोन डॉक्टर झाले. तपासण्या ठीक आल्या. क्षुल्लक कारणावरून तो मित्रांवर खेकसतो. शनिवारची बिअर आता रोजची झाली आहे. आईचा फोन आला की मात्र म्हणतो, "सगळं मजेत आहे गं."

त्याला 'उदास वाटते का?' असे विचारले तर तो 'नाही' म्हणेल, आणि ते खोटेही नसेल. त्याला जाणवतो तो थकवा आणि राग.

गोटलंडचा अनुभव

स्वीडनच्या गोटलंड बेटावर 1983-84 मध्ये स्थानिक डॉक्टरांना नैराश्य ओळखण्याचे प्रशिक्षण दिले गेले. त्यानंतर आत्महत्या घटल्या, पण ती घट मुख्यतः स्त्रियांमध्ये होती. पुरुषांच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही. मानसोपचारतज्ज्ञ वुल्फगांग रुत्झ यांनी याचा अर्थ लावला तो असा : पुरुष डॉक्टरांकडे कमी जातात, आणि त्यांचे नैराश्य चिडचिड, मद्यपान, बेफिकीर वागणे अशा रूपांत येते. यातूनच पुरुषांसाठी वेगळी 'गोटलंड प्रश्नावली' तयार झाली.

भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार 2022 मध्ये 1,70,924 आत्महत्या झाल्या. त्यांत सुमारे 72 टक्के पुरुष होते. प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्यच असते असे नाही, परंतु वेळीच ओळखले तर त्यावर उपचार होऊ शकतो.

ओळखण्याच्या खुणा

1. पूर्वी नसलेला चिडखोरपणा.
2. दारू, सिगारेट किंवा जुगार वाढणे. वाहन बेदरकारपणे चालवणे.
3. कामात स्वतःला बुडवून घेणे किंवा काम अजिबात न होणे.
4. कारण न सापडणारी डोकेदुखी, पाठदुखी, पोटाच्या तक्रारी.
5. झोप व भूक बिघडणे. आवडत्या गोष्टी सोडून देणे.

एखाद्या खुणेवरून निष्कर्ष काढू नये. त्या व्यक्तीच्या नेहमीच्या वागण्यात झालेला बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर लक्ष द्यावे. निदान मात्र तज्ज्ञच करतात.

आधार कसा द्यावा?

• जे दिसले तेच सांगून विचारा : "महिना झाला, तू खेळायला आला नाहीस, रात्री झोपत नाहीस. काय चाललंय?" पहिले उत्तर "काही नाही रे" असेच येईल. चार दिवसांनी पुन्हा विचारा.
• समोरासमोर बसून बोलणे अनेकांना जड जाते. चहाला जाताना किंवा सोबत चालताना बोलणे सोपे होते.
• "मर्दासारखा मर्द, रडतोस काय?" असे म्हणू नका. लगेच उपदेशही नको.
• जगणे नकोसे वाटते का, हे थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नका.
• डॉक्टरांकडे सोबत जा. बंगळूरमध्ये निम्हान्स ही राष्ट्रीय संस्था आहे. देशभरात 'टेलि-मानस'च्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.
• ऑफिसात कळेल ही भीती मोठी असते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, हे त्याला सांगा.

सारांश

पुरुषाचे नैराश्य अनेकदा राग, काम, दारू किंवा दुखणे यांच्या आड लपते. म्हणून तो काय सांगतो एवढ्यावरच न थांबता, त्याच्यात काय बदलले ते पाहावे.

स्वाध्याय

1. गोटलंडमधील प्रशिक्षणाचा लाभ पुरुषांना कमी का झाला?
2. वरील उदाहरणातील तरुणाचे तुम्ही खोलीमित्र आहात. पहिले वाक्य काय बोलाल? ते लिहून काढा.